ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडिया: आधी काय उभे राहिले, आणि प्रचलित कथांमध्ये तथ्य किती?

बंदरवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयातर्फे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना दक्षिण मुंबईतील काही वास्तूंची पायी फिरून ओळख करून देण्याचा उपक्रम ठरला असून अपोलो बंदराच्या परिसराची माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडिया या दोन वास्तू छायाचित्रांत, कॅलेंडरांवर आणि चित्रपटांत इतक्या वेळा एकत्र दिसतात की त्या एकाच आराखड्यातून, एकाच काळात बांधल्या गेल्या असाव्यात असे बहुतेकांना वाटते. काही जण तर गेटवे पूर्वीपासून होते आणि त्याच्या दर्शनासाठी समोर हॉटेल बांधले, असेही ठामपणे सांगतात.

मुलांना ऐकीव गोष्टी सांगू नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण एकदा कानावर पडलेली रंजक कथा पुढे कितीही खुलासे केले तरी पुसली जात नाही. म्हणून जाणकारांना विचारते. यांपैकी आधी कोणती वास्तू उभी राहिली? ताजचा आराखडा ‘उलटा’ बांधला गेला आणि ते पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली, ही गोष्ट खरी आहे का? जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताज बांधले, असे सांगतात, त्याला आधार आहे का? आणि पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली खरोखरच या कमानीखालून भारतात आले होते का?

---

चुनेगच्ची

प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि क्रमाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले आणि गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. म्हणजे हॉटेल स्मारकाहून जवळजवळ एकवीस वर्षांनी वडील आहे. हॉटेल सुरू झाले तेव्हा त्याच्यासमोर कमान नव्हती आणि ती ज्या जमिनीवर आज उभी आहे तो विस्तृत दगडी चौकही नव्हता. होता तो अपोलो बंदराचा जुना धक्का, ज्याला जुने मुंबईकर पालवा म्हणत. आपल्या इतर शंकांची उकल या एका गोष्टीतून बरीचशी होते, म्हणून मुलांना सर्वांत आधी हेच सांगावे असे मला वाटते.

आता हॉटेलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. हजारो लोक शहर सोडून गेले, व्यापार मंदावला आणि मुंबई हे राहण्यायोग्य शहर उरले नाही अशी तिची अपकीर्ती देशोदेशी झाली. अशा काळात जमशेटजींनी अपोलो बंदराजवळच्या भरावाच्या जमिनीवर एक भव्य हॉटेल बांधण्याचे काम हाती घेतले. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था, जलविद्युत प्रकल्प आणि हे हॉटेल अशी त्यांची चार मोठी स्वप्ने म्हणून सांगितली जातात. त्यांपैकी त्यांच्या हयातीत पूर्ण झाले ते एकटे हॉटेल. उद्घाटनानंतर पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. हॉटेलाच्या सामानाची खरेदी त्यांनी युरोपात फिरून स्वतः जातीने केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामात त्यांचा जीव किती गुंतला होता हे कळते. विजेचे दिवे, विजेवर चालणारे पाळणे म्हणजे लिफ्ट, अमेरिकन पंखे आणि तुर्की पद्धतीची स्नानगृहे अशा सोयी असलेले हॉटेल त्या काळच्या मुंबईने पाहिले नव्हते. सुरुवातीला पाहुणे होते अवघे सतरा.

आता ‘उलट्या’ आराखड्याविषयी. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्य हे बोरीबंदर स्थानकाच्या बांधकामात त्या स्थानकाचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे सहाय्यक अभियंता म्हणून काम केलेले अनुभवी गृहस्थ होते. त्यांचे निधन १९०० साली हिवतापाने झाले, तेव्हा इमारत पूर्ण व्हायला तीन वर्षे बाकी होती. जो माणूस इमारत पूर्ण झालेली पाहायला जिवंतच नव्हता त्याने ती उलटी झालेली पाहून जीव दिला, ही कथा तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदांनी पूर्णत्वास नेले. या कथेची आणखी एक आवृत्ती परदेशी वास्तुविशारद इंग्लंडहून परत आला आणि इमारत फिरलेली पाहून हताश झाला, अशी सांगितली जाते. तीही याच कारणाने निराधार ठरते, कारण मूळ आराखडा इथल्याच माणसांचा होता.

मग ही समजूत आली कुठून? आज हॉटेलात आपण समुद्राच्या बाजूने प्रवेश करतो, पण मूळचा प्रवेश पश्चिमेकडून, म्हणजे शहराच्या बाजूने होता. इमारतीचे दोन्ही बाहू त्या बाजूला पसरलेले असून मधल्या मोकळ्या जागेतून घोडागाड्या आत येत. त्याच जागी आता पोहण्याचा तलाव आहे. पाहुणा शहराकडून येणार, बग्गीतून उतरणार आणि खोलीत गेल्यावर समोर त्याला बंदर दिसणार, अशी ती साधी आणि विचारपूर्वक केलेली मांडणी होती. पुढे समोर कमान आली, चौक आला, गर्दी आली आणि समुद्राची बाजू हीच दर्शनी बाजू झाली. मागचे दार विस्मरणात गेले आणि इमारतच उलटी असल्याची कथा जन्माला आली. माझ्या मते ही कथा निर्माण होण्याचे खरे कारण इमारतीभोवतालचे शहर बदलले हे आहे.

मुलांना आत नेता आले नाही तरी जिन्याविषयी अवश्य सांगावे. मध्यवर्ती घुमटाखाली चढत जाणारा, अधांतरी भासणारा तो जिना कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्या कल्पनेचे फळ मानला जातो. वास्तुविशारदांची नावे निदान पुस्तकांत तरी येतात, पण बांधकाम उभे करणाऱ्या कंत्राटदाराच्या नावाने एखादा घटक ओळखला जाणे हे आपल्याकडे दुर्मीळ आहे.

---

पाथरवट

चुनेगच्ची यांनी हॉटेलाविषयी चांगले लिहिले आहे. मी कमानीपुरते लिहितो.

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले आणि तेथून पुढे दिल्ली दरबारासाठी गेले. त्या दिवशी तेथे आजच्या कमानीचा एक दगडही नव्हता. स्वागतासाठी तात्पुरता मंडप उभारलेला होता आणि तोच बादशहांनी पाहिला. त्यामुळे ‘बादशहा या कमानीखालून आले’ हे विधान चूक आहे. ‘बादशहा या ठिकाणी उतरले त्याची आठवण म्हणून ही कमान नंतर बांधली’ हे बरोबर आहे. कमानीवर कोरलेला इंग्रजी लेखही नेमके हेच सांगतो. तो आगमनाच्या स्मरणार्थ उभारल्याचे नोंदवतो आणि १९११ हे साल रोमन आकड्यांत देतो. हे साल वाचून पुष्कळ लोक ते बांधकामाचे वर्ष समजतात, तेव्हा मुलांना तो लेख स्वतः वाचायला लावून फरक समजावून सांगावा.

पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते झाली. त्या वेळी अंतिम आराखडा तयार नव्हता. सरकारचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला ऑगस्ट १९१४ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे कोनशिला आधी आणि नकाशा नंतर, असा हा क्रम आहे. मंजुरी मिळाली त्याच महिन्यात युरोपात महायुद्धाचा भडका उडाला होता. १९१५ ते १९१९ ही वर्षे प्रत्यक्ष कमानीच्या कामात गेली नाहीत. ती समुद्रात भराव घालून आणि नवी संरक्षक भिंत बांधून जमीन तयार करण्यात गेली. पाया १९२० मध्ये पूर्ण झाला आणि कमान १९२४ मध्ये. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी केले. एकूण खर्च सुमारे २१ लाख रुपये आला आणि त्यातील मोठा वाटा भारत सरकारने उचलला.

बांधकाम पिवळसर बेसाल्ट आणि प्रबलित (आत लोखंडी गज घातलेले) काँक्रीट यांचे आहे. दगड खारोडीच्या खाणींतला स्थानिक, तर नक्षीदार जाळ्या ग्वाल्हेरहून आणवलेल्या. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट असून त्याचा माथा जमिनीपासून ८३ फुटांवर आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना सुमारे सहाशे माणसे मावतील अशी दालने आहेत. ती स्वागतसमारंभांसाठी योजलेली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण बहुतेकांची नजर मधल्या कमानीवर आणि तिच्यापलीकडच्या पाण्यावर खिळते.

शैलीविषयी चार ओळी अधिक लिहितो, कारण मला या वास्तूचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग तोच वाटतो. विजयकमान ही कल्पना रोमन आहे, पण विटेट यांनी तिला जे रूप दिले ते सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुकलेतून घेतलेले आहे. टोकदार कमानी, जाळ्या, कोपऱ्यांवरचे लहान मनोरे, वेलबुट्टीचे पट्टे या सगळ्यांचे मूळ अहमदाबादच्या मशिदींत सापडते. जवळच असलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हेही विटेट यांचेच काम. तेथे त्यांनी विजापूरच्या धर्तीचा घुमट वापरला आहे. दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहिल्या तर एक स्कॉटिश वास्तुविशारद इथल्या प्रादेशिक शैलींचा किती बारकाईने अभ्यास करत होता ते कळते. उलट हॉटेलाकडे पाहा. ते भारतीय उद्योगपतीने स्वतःच्या पैशाने, भारतीय अभियंत्यांकडून बांधून घेतले, आणि त्यात मूरिश, फ्लोरेन्टाइन व मुघल अशा अनेक घराण्यांचे अलंकार एकत्र आले आहेत. राजसत्तेने स्वतःच्या गौरवासाठी देशी वेष पत्करला आणि देशी धनिकाने जगाला आमंत्रण देण्यासाठी सर्वदेशीय वेष निवडला. या दोन निर्णयांमागचे राजकारण नववीच्या मुलांना निश्चित समजेल.

---

बंदरवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कोनशिला आणि कमान यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली हे मला ठाऊक नव्हते. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक म्हणजे वॉटसन हॉटेलाची कथा. दुसरी म्हणजे, नकाशा पाहताना असे दिसते की गेटवेकडे येणारा रस्ता कमानीला सरळ भिडत नाही, तर तिरका येतो. एवढ्या खर्चाच्या राजेशाही स्मारकाला सरळ रस्ता का मिळाला नसावा?

---

पाथरवट

रस्त्याचे उत्तर छोटे आहे: पैसे संपले. कमानीपर्यंत एक रुंद, सरळ, समारंभपूर्वक रस्ता आखण्याची मूळ योजना होती, पण निधीअभावी तो झालाच नाही. त्यामुळे कमान आपल्या अक्षावर उभी आहे आणि रस्ता आपल्या जुन्या वळणाने येतो. मिरवणूक दुरून दिसत येईल आणि मग समोर कमान उलगडेल हा जो परिणाम विटेट यांना अभिप्रेत होता तो जमिनीवरून येणाऱ्याला कधीच अनुभवता आला नाही. पाण्यावरून, म्हणजे घारापुरीहून लाँचने परतताना मात्र तो पुरेपूर मिळतो. शक्य असेल तर मुलांना ही वास्तू एकदा समुद्राकडून दाखवावी.

---

एस्प्लनेड

वॉटसन हॉटेलाबद्दल लिहितो, कारण काळा घोडा परिसरातील ती इमारत माझ्या आस्थेचा विषय आहे.

वॉटसन १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिले. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला गेला आणि येथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. मुंबईतील सर्वांत नामांकित हॉटेल म्हणून काही दशके त्याचा दबदबा होता.

जमशेटजींना तेथे वर्णभेदामुळे अडवले गेले आणि त्या अपमानातून ताजचा जन्म झाला, ही कथा अतिशय प्रभावी आहे यात शंका नाही. मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. ती ज्या काळात घडली असे सांगतात त्या काळातील लिखाणाचा आधार तिला दिलेला आढळत नाही आणि जमशेटजींच्या स्वभावाशीही एवढे प्रचंड भांडवल केवळ सूड म्हणून गुंतवणे जुळत नाही. चुनेगच्ची यांनी सांगितलेली प्लेगनंतरच्या मुंबईची स्थिती, परदेशी प्रवाशांसाठी चांगल्या हॉटेलांचा अभाव आणि या शहराचे नाव पुन्हा उंचावण्याची जमशेटजींची तळमळ ही कारणे अधिक पटणारी आहेत. याचा अर्थ त्या काळी वर्णभेद नव्हता असा मुळीच नाही. युरोपियनांपुरते मर्यादित असलेले क्लब मुंबईत होते आणि त्यांतील काही अपोलो बंदराच्या आसपासच होते. मुलांना ती वस्तुस्थिती जरूर सांगावी. फक्त एका व्यक्तीच्या अपमानाची कथा पुरावा म्हणून पुढे करू नये, कारण खऱ्या भेदभावाचे गांभीर्य अशा शंकास्पद कथेवर अवलंबून ठेवणे योग्य नाही.

ज्या वॉटसनला ताजने मागे टाकले त्याची आजची स्थिती मन विषण्ण करणारी आहे. एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ती इमारत अनेक वर्षे कार्यालयांसाठी आणि वास्तव्यासाठी वापरली गेली, २००५ मध्ये तिच्या सज्जाचा काही भाग कोसळला आणि पुढे ती धोकादायक ठरवून रिकामी करावी लागली. एकाच शहरातील दोन हॉटेलांपैकी एक जगभर ओळखले जाते आणि दुसऱ्याच्या समोरून रोज जाणाऱ्यांनाही त्याचे नाव माहीत नसते. आपल्या फेरीत त्या इमारतीसमोर दहा मिनिटे थांबता आले तर फार चांगले होईल.

---

रोजनिशी

आतापर्यंतची चर्चा बांधकामाभोवती फिरली. या जागेने पुढे काय काय पाहिले तेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे, कारण बादशहाच्या स्वागतासाठी निवडलेल्या या किनाऱ्याचा अर्थ पुढच्या चाळीस वर्षांत पूर्णपणे पालटला.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी आणि कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेहून परतले ते अपोलो बंदरावरच उतरले. तारखा जुळवून पाहिल्या तर तेव्हा पायाभरणी होऊन पावणेदोन वर्षे झाली होती, आराखडा मंजूर होता, आणि प्रत्यक्षात कमानीचे काम सुरू झालेले नव्हते. ज्या साम्राज्याचे स्मारक तेथे उभे राहायचे होते त्याला हादरवणारा माणूस त्या स्मारकाच्या आधी तेथे पोहोचला. पहिल्या महायुद्धाच्या काळात समोरच्या ताज हॉटेलात सहाशे खाटांचे रुग्णालय चालवले गेले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले तेव्हा कमान अर्धवट होती आणि असहकाराच्या चळवळीने पेटलेल्या शहरात बहिष्कार, मोर्चे आणि दंगली सुरू झाल्या. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांचे याच शहराने थाटात स्वागत केले होते. त्या दोन दिवसांमधले अंतर दाखवण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

कमान पूर्ण झाल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या आगमन-प्रस्थानाचे समारंभ तेथे होत. सामान्य प्रवाशांची मोठी जहाजे मात्र बॅलर्ड पिअरला लागत, म्हणून ‘भारतात येणारा प्रत्येक जण या दारातून येत असे’ ही समजूतही दुरुस्त करावी. ते दार प्रामुख्याने समारंभाचे होते.

फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातील भारतीय खलाशांनी उठाव केला. त्याची सुरुवात कुलाब्यातील ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रातून झाली आणि बंदरातील जहाजे त्यात सामील झाली. खलाशांची रसद तोडली गेली तेव्हा मुंबईतील सामान्य माणसे अन्न घेऊन गेटवेच्या परिसरात आली. बादशहाच्या स्वागताची कमान आणि तिच्या पायथ्याशी बंडखोर खलाशांसाठी अन्न घेऊन उभे असलेले लोक, हा प्रसंग मला या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो आणि तो पाठ्यपुस्तकात फारच त्रोटक येतो, याची खंत वाटते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री या ब्रिटिश पलटणीची पहिली बटालियन याच कमानीतून संचलन करत बाहेर पडली. स्वतंत्र भारत सोडून जाणारी ही ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी होती. भारतीय पलटणींनी तिला मानवंदना दिली आणि गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट देण्यात आली. कमानीचे उद्घाटन झाल्याला तेव्हा चोवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे या परिसरातील पंचम जॉर्ज यांचा पुतळा हलवण्यात आला आणि २६ जानेवारी १९६१ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना होऊन तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. त्यामुळे ही स्थापना त्या काळाच्या भावनेशी किती निगडित होती ते सहज लक्षात येते. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघालेल्या स्वामी विवेकानंदांचा पुतळाही याच परिसरात आहे.

---

चुनेगच्ची

रोजनिशी यांच्या प्रतिसादाला हॉटेलाच्या बाजूने थोडी जोड देतो. उत्तरेकडची उंच इमारत, म्हणजे टॉवर, १९७० च्या दशकाच्या आरंभीची आहे आणि ती ग्रीन्स हॉटेलाच्या जागी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेली इमारत आणि हा टॉवर यांच्यातील फरक मुलांना जमिनीवरूनच दाखवता येतो. मूळ इमारतीचा मधला घुमट सुमारे २४० फूट उंच असून बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो दिवसा खूण म्हणून उपयोगी पडत असे. १९३३ मध्ये सुरू झालेला तिथला हार्बर बार मुंबईतील मद्यविक्रीच्या पहिल्या क्रमांकाच्या परवान्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तो तपशील आपल्या श्रोत्यांसाठी नसावा.

२६ नोव्हेंबर २००८ चा विषय टाळता येणार नाही आणि टाळूही नये. तीन दिवस चाललेल्या त्या हल्ल्यात ताजमध्ये ३१ जणांचा बळी गेला. पाहुण्यांना बाहेर काढताना हॉटेलाच्या कर्मचाऱ्यांनी जे धैर्य दाखवले ते जगभर वाखाणले गेले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. टॉवर २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा सुरू झाला. जुन्या इमारतीला आगीने फार मोठी हानी पोहोचली होती, तिचे काम काळजीपूर्वक करून ती १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली. त्याआधी २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवेजवळ उभ्या केलेल्या टॅक्सीत स्फोट झाला होता. ही दोन्ही वर्षे सांगताना आकडे आणि धूर यांपेक्षा माणसांविषयी बोलावे, एवढीच माझी विनंती आहे.

---

पाथरवट

संवर्धनाविषयी एक शेवटची नोंद. गेटवे हे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असावे असे अनेकांना वाटते, पण ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतील राज्य संरक्षित स्मारक आहे. २०२३ च्या तपासणीत दर्शनी भागावर काही ठिकाणी तडे आणि सांध्यांतून उगवलेली झाडे आढळली. मूळ बांधकाम सुस्थितीत असल्याचे तेव्हा सांगितले गेले.

ही वास्तू दगडाची दिसत असली तरी तिच्यात प्रबलित काँक्रीटही आहे. समुद्राच्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरून आतील लोखंडी गजांपर्यंत पोहोचले की गज गंजतात. गंजताना त्यांचे आकारमान वाढते आणि बाहेरचे आवरण आतून दाबले जाऊन तडकते. निव्वळ दगडी देवळाला किंवा किल्ल्याला ही व्याधी नसते. पिंपळासारख्या झाडांची मुळे त्याच तड्यांत शिरून ते रुंदावतात, म्हणून झाड वरून छाटून चालत नाही, मूळ काढून सांधा भरावा लागतो. सांधा भरतानाही आधुनिक सिमेंट सरसकट थापले तर ते दगडापेक्षा कडक बसते आणि ओलावा बाहेर पडण्याची वाट बंद होऊन दगडाच्या कडा फुटू लागतात. त्यामुळे दगडाच्या सांध्यांना चुन्याचा मसाला आणि आतील काँक्रीटला गंजरोधक उपचार अशी दोन वेगवेगळी कामे एकाच वास्तूवर करावी लागतात. लाटांचा मारा समुद्राकडच्या बाजूला सतत असल्याने तिथली तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा व्हायला हवी, असे माझे मत आहे.